शिकाऱ्याची उमेद आणि घराचा वाटा

जगभरातल्या ४० ठिकाणच्या शिकारी समाजांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. १,८०० हून अधिक शिकारी आणि त्यांच्या शिकारीच्या २३,००० हून अधिक नोंदी त्यात तपासल्या होत्या. माणूस शिकारीत कोणत्या वयात सर्वांत तरबेज असतो, हे त्यातून शोधायचं होतं. अंगातली रग विशीत जास्त, तेव्हा उत्तरही विशीतच सापडावं असं वाटतं. ते निघालं ३० ते ३५ च्या दरम्यान. माग वाचणं, वारा कुठून येतो ते पाहून दबा धरायची जागा निवडणं, बुजलेलं जनावर कुठल्या अंगाला वळेल याचा अदमास घेणं, हे अंगात मुरायला वर्षं जावी लागतात.

नेमकी हीच वर्षं घरात लहान मुलं असण्याची. हात बसलेला असतो तेव्हाच घरात रात्री उठून पाळणा हलवायला, तापलेल्या पोराला दवाखान्यात न्यायला, शाळेच्या वेळा पाळायला माणूस हवं असतं. म्हणजे शिकार आणि संसार यांची ओढाताण हा काही नोकरी, मोटार आणि घड्याळ यांनी आणलेला आजार नव्हे. माणसाच्या आयुष्याच्या मांडणीतच ती आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्यांची शिकार बंद असल्यामुळे मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. पण अमेरिका, कॅनडा, स्वीडन अशा देशांत शिकार कायदेशीर आहे, लाखो घरांच्या वर्षाच्या आखणीत तिला जागा आहे, आणि तिथले तिशी-चाळिशीतले शिकारी एकच तक्रार करतात: नाद सुटत नाही आणि वेळ सापडत नाही.

या तक्रारीवर मिळणारे सल्ले बहुतेक मनाशी संबंधित असतात. पहाटे उठा, ध्येय ठरवा, शरीर तयार ठेवा, निराश होऊ नका. त्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की उमेद ही शिकाऱ्याच्या डोक्यात साठवलेली असते आणि कमी पडली की त्यानेच ती भरून घ्यायची. जिथे शिकार पिढ्यान्‌पिढ्या टिकली ते समाज पाहिले तर वेगळं चित्र दिसतं. शिकाऱ्याची उमेद टिकते किंवा मावळते ती घराशी झालेल्या कराराप्रमाणे. वेळ कोणाचा जातो, मांस कोणाच्या ताटात पडतं, आणि जायचं की नाही हे ठरवताना कोणाला विचारलं जातं, या तीन गोष्टी त्या करारात येतात.

आपल्याकडच्या गोष्टींतला शिकारी मात्र बहुधा एकटाच असतो. दशरथाने अंधारात आवाजाच्या रोखाने बाण सोडला तेव्हा तो एकटा होता, आणि त्या एका बाणाने श्रवणाचं घर उजाड झालं, पुढे त्याचं स्वतःचंही. पांडूच्या बाणाने मृगरूपातला ऋषी मेला आणि त्या शापाने कुंती व माद्री या दोघींच्या संसाराचं वळण बदललं. मनुस्मृतीत राजाच्या कामज व्यसनांची यादी मृगयेपासून सुरू होते. कौटिल्य त्यामानाने व्यवहारी. जुगारापेक्षा मृगया परवडली असं तो म्हणतो, कारण तिच्यात व्यायाम होतो, चरबी झडते आणि हलत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुसऱ्या अंकातला सेनापती हाच सूर लावतो. विदूषक तेवढा पायपिटीने कावलेला असतो. या साऱ्या चर्चेत राजाच्या प्रकृतीचा आणि राज्याच्या कारभाराचा विचार आहे. शिकारीच्या दिवसांत घरी कोण काय करत होतं, हे कोणी विचारत नाही.

अलीकडच्या काळातल्या नामांकित शिकाऱ्यांचंही तेच. जिम कॉर्बेटने लग्नच केलं नाही. त्याचं घर होतं ते बहीण मॅगीबरोबरचं. अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट याची आई आणि पत्नी १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी वारल्या. दोन दिवसांची मुलगी ॲलिस हिला थोरल्या बहिणीच्या ओटीत घालून तो डकोटाच्या माळरानावर निघून गेला आणि गुरं पाळण्यात नि शिकारीत त्याने स्वतःला बुडवून घेतलं. इतक्या मोठ्या दुःखातल्या माणसाला दोष देण्याचं कारण नाही. पण त्याच्या शिकारीच्या आठवणी वाचताना त्या वर्षांत ॲलिसला बहिणीने वाढवलं, हेही हिशेबात धरायला हवं. १९०९ मध्ये तोच रूझवेल्ट आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला तेव्हा १९ वर्षांच्या कर्मिटला, आपल्या मुलाला, बरोबर घेऊन गेला. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही तऱ्हा सापडतात: घर मागे टाकून जाण्याची आणि घरातलं माणूस बरोबर नेण्याची.

आजच्या अमेरिकेत ही ओढाताण चक्क सरकारी वेळापत्रकात दिसते. पेनसिल्वेनिया राज्यात १९६३ पासून बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडत असे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हा सण येतो. घरोघरी मेजवानी होते, शुक्रवार-शनिवार नातेवाइकांत जातो. मग रविवारी मंडळी जंगलातल्या आपापल्या ‘कॅम्प’वर, म्हणजे लाकडी झोपड्यांवर, पोचत आणि सोमवारी पहाटे रानात शिरत. अनेक शाळा त्या सोमवारी सुट्टी देत. आजोबा, बाप, मुलगा एकाच झोपडीत उतरत.

२०१९ मध्ये राज्याच्या वन्यजीव आयोगाने उद्घाटनाचा दिवस सोमवारवरून शनिवारवर आणला आणि मोठा वाद पेटला. आयोगाचं म्हणणं असं की नोकरी करणाऱ्याला सोमवारची रजा मिळत नाही, बाहेरगावी शिकणारी मुलं रविवारी कॉलेजला परततात. हंगाम शनिवारी उघडला तर बाप-लेकांना एकत्र जाता येईल. विरोधकांचं म्हणणं असं की गुरुवारी सण आणि शनिवारी पहाटे शिकार म्हटल्यावर शुक्रवारीच घर सोडावं लागतं. पाहुणे दिवाणखान्यात आणि यजमान कॅम्पच्या वाटेवर, असा प्रकार होतो. शिवाय कॅम्पच्या आसपासच्या खानावळी नि किराणा दुकानं ज्या रविवारच्या गर्दीवर चालत, ती गर्दी विस्कटते. गंमत अशी की दोन्ही पक्ष कुटुंबाच्याच नावाने भांडत होते. एकाच्या लेखी कुटुंब म्हणजे शिकारीला बरोबर येणारा मुलगा, दुसऱ्याच्या लेखी सणाला जमलेलं घर. जेवणानंतरची भांडी कोण घासतं, हा मुद्दा त्या वादात फारसा आला नाही.

आयोगाला एवढी घाई का, याचं उत्तर पैशात आहे. अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. त्यात शिकारीच्या परवान्यांच्या शुल्काची भर. शिकारी कमी झाले की वन्यजीव आयोगाची तिजोरी आटते. पेनसिल्वेनियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १३ लाखांच्या आसपास परवाने विकले जात. पुढे तो आकडा ९ लाखांच्या खाली आला. देशभरातल्या सरकारी पाहणीत १६ वर्षांवरचे शिकारी २०११ मध्ये १ कोटी ३७ लाख होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख. म्हणून मग शिकाऱ्यांची उमेद वाढवण्याचे कार्यक्रम आले. २००६ पासून पेनसिल्वेनियात १२ वर्षांखालच्या मुलांना परवानाधारक मोठ्या माणसाबरोबर शिकारीला जाता येऊ लागलं. रविवारच्या शिकारीवरची सुमारे दीडशे वर्षं जुनी बंदी २०२० मध्ये तीन रविवारांपुरती सैल झाली आणि २०२५ च्या जुलैमध्ये ती उठवणाऱ्या कायद्यावर गव्हर्नरची सही झाली.

रविवार मोकळा झाला, म्हणजे शिकाऱ्याला आठवड्याचा आणखी एक दिवस मिळाला. पण घराकडून पाहिलं तर तोच एक दिवस वजा झाला. २०१६ च्या पाहणीत दहा शिकाऱ्यांमागे साधारण एक बाई होती. तेव्हा बहुतेक घरांत रानात जाणारा नवरा आणि मागे राहणारी बायको, हाच हिशेब असणार. विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो. त्या शनिवार-रविवारी मागे राहिलेल्या बायकांसाठी दुकानदार खास सेल लावतात आणि या बायकांना थट्टेने ‘डिअर विडो’ म्हटलं जातं. हौसेला मोल नाही असं आपल्याकडे म्हणतात. इथे मोल आहे, फक्त ते हौस करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. वेळापत्रक सैल करून शिकाऱ्याला जास्त दिवस देण्याच्या धोरणाची ही मोठी उणीव आहे. उमेद वाढवायची म्हणजे तास वाढवायचे, एवढंच त्यात धरलेलं आहे.

तासांइतकंच महत्त्वाचं असतं ते जनावर पडल्यानंतरचं काम. शिकारीच्या फोटोत ते दिसत नाही. हरीण पडलं की जागेवरच पोट चिरून आतडी बाहेर काढावी लागतात, नाहीतर अंगातल्या उष्णतेने मांस खराब होतं. मग ते धूड ओढत गाडीपर्यंत आणायचं. घरी गराजच्या तुळईला टांगून कातडं सोलायचं. पाठकण्याच्या दोन्ही अंगांनी सुरी फिरवून मऊसूत मांसाच्या दोन लांब पट्ट्या सोडवायच्या, मांड्यांचे तुकडे पाडायचे, मानेचा नि खांद्याचा खिमा करायचा. पुढे प्रत्येक पुडक्यातली हवा ओढून ते सीलबंद करायचं, वर तारीख आणि ‘मांडी’ की ‘खिमा’ हे लिहायचं. पूर्ण वाढलेल्या एका हरणातून साधारण २० ते २५ किलो बिनहाडाचं मांस निघतं. ही पुडकी फ्रीझरमध्ये गेली की शिकार पहिल्यांदा घराची होते. ज्या घरांत पुडक्यांवर नावं लिहायला मुलं बसतात आणि पुढचे चार महिने ते मांस जेवणात येतं, तिथे पुढच्या नोव्हेंबरात बापाने जायचं की नाही हा प्रश्न वेगळ्या सुरात विचारला जातो. भिंतीवर लावायच्या शिंगांसाठीच जो रानात जातो, त्याचं तसं नसतं. मोठ्या शिंगांच्या नराची वाट पाहत तो माद्या सोडून देतो, दिवसांमागून दिवस खर्ची घालतो आणि घराला त्यातून काही मिळत नाही. असा शिकारी चाळिशीत एकतर नाद सोडतो किंवा घरात कायमचा अपराधी होऊन राहतो.

मांस घराचं झालं की घराला त्याबद्दल बोलण्याचा हक्कही येतो. शिशाच्या गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात दूरवर पसरतात, हे २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसाच्या तपासणीतून गाजलं. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी असं मांस खाऊ नये, असा सल्ला तिथल्या आरोग्य विभागाने दिला. दुसरी भीती हरणांच्या मेंदूच्या रोगाची. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आणि पेनसिल्वेनियात २०१२ साली सापडला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित भागातल्या हरणाची तपासणी करूनच मांस खावं, रोग निघाला तर खाऊ नये, असं आरोग्ययंत्रणा सांगतात. तांब्याची गोळी वापरायची का, अहवाल येईपर्यंत पुडकी वेगळी ठेवायची का, हे प्रश्न रानात सुटत नाहीत. ज्याच्या घरात ते स्वयंपाकघराच्या टेबलावर सुटतात, त्याच्या शिकारीत घर आधीच सामील झालेलं असतं.

इथे एक आडवा प्रश्न येतो. शिकारी खरंच घरासाठी शिकार करतो का? टांझानियात एयासी सरोवराच्या आसपास राहणाऱ्या हाडझा लोकांवरून मानववंशशास्त्रज्ञांत यावर मोठा वाद झाला. क्रिस्टन हॉक्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की मोठं जनावर मिळण्याची शक्यता शिकाऱ्याच्या एका दिवसामागे ३.४ टक्के असते. म्हणजे सरासरी २९ दिवस रान तुडवलं की एक मोठी शिकार. आणि ती मिळाली की मांस वस्तीभर वाटलं जातं. बायकोला आणि मुलांना रोज पुरणारं अन्न बायका उकरून आणतात त्या कंदांतून, गोळा करतात त्या बोरांतून मिळतं. मग हा पुरुष लहान प्राणी, मध, फळं सोडून जिराफ-झेब्र्यामागे का जातो? हॉक्सचं उत्तर होतं: नावासाठी. चांगला शिकारी म्हणून वस्तीत मान मिळावा, म्हणून. मराठीत सांगायचं तर घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

आजच्या कोणत्याही छंदिष्ट नवऱ्याच्या बायकोला हे पटेल. पण गोष्ट इथे संपली नाही. त्याच हाडझांमध्ये राहिलेल्या फ्रँक मार्लोने २००३ मध्ये एक वेगळी नोंद पुढे आणली. बायकोच्या अंगावर दूध पिणारं मूल असतं तेव्हा तिचं कंद उकरणं कमी होतं, आणि नेमक्या त्याच काळात नवरा घरी जास्त अन्न आणतो. पुढे २०१३ मध्ये ब्रायन वुड आणि मार्लो यांनी दाखवलं की वाटणी झाली तरी शिकाऱ्याच्या घरी आणि जवळच्या नात्यात बाकीच्यांपेक्षा जास्त पोचतं. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटवण्याची घाईही नको. नाव हवं असणं आणि घर पोसणं या दोन्ही ओढी एका माणसात नांदू शकतात. लक्षात घेण्याजोगं आहे ते हे की तान्हं मूल असताना हाडझा बाप शिकार सोडत नाही आणि पूर्वीचा क्रमही तसाच रेटत नाही. घराच्या गरजेप्रमाणे काय आणायचं ते बदलतो. २९ दिवसांत एकदाच फळणारा धंदा ज्याला वर्षानुवर्षं करायचा आहे, त्याला एवढी लवचीकता ठेवावीच लागते. निव्वळ मोठ्या जनावरावर नजर ठेवली तर २८ दिवस रिकाम्या हाताने परतणं आलं, आणि तान्ह्या मुलाच्या घरात ते परवडत नाही.

मध्य आफ्रिकेच्या पर्जन्यवनात राहणाऱ्या अका लोकांनी तर हा पेच मुळातच वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. त्यांची शिकार वाघरांची. झाडीत जाळ्यांची लांब रांग लावायची, आत शिरून हाकारे करायचे आणि लहान हरणांना जाळ्याकडे पिटाळायचं. या कामाला बायका, पुरुष, मोठी मुलं सगळीच लागतात. तान्ही मुलं झोळीत असतात. बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाने अका बापांच्या दिवसरात्रीच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा बाप दिवसाच्या ४७ टक्के वेळ मुलाला हातात घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असतो, असं निघालं. त्याने पाहिलेल्या अकांचं बापपण जगभर गाजलं. त्याचं कारण पुरुषांच्या स्वभावात शोधण्याआधी शिकारीच्या पद्धतीत शोधायला हवं. नवरा-बायको एकाच रानात, एकाच कामावर असतील तर बापाच्या कडेवर मूल येणारच. फिलिपाइन्समधल्या आग्ता बायका धनुष्यबाण आणि कुत्रे घेऊन स्वतः रानडुकरं मारत, अशी नोंद १९८० च्या दशकात झाली आहे. तेव्हा शिकारी म्हणजे बाप आणि घर म्हणजे आई, ही वाटणी काही ठिकाणची आहे, सगळीकडची नाही.

पण अका लोकांचं रान उचलून पेनसिल्वेनियातल्या पिट्सबर्गला आणता येत नाही. पगारी नोकरी, शाळा आणि कर्जाचे हप्ते यांच्या जगात असं काही जमवता येतं का? कॅनडात क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागात जेम्स उपसागराच्या काठी राहणाऱ्या क्री लोकांनी ते जमवलं, आणि तेही भांडून. १९७१ मध्ये तिथे प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर झाला. शिकारीच्या जमिनी पाण्याखाली जाणार हे कळल्यावर क्री लोक कोर्टात गेले. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला आणि त्यातून १९७६ मध्ये शिकाऱ्यांसाठी उत्पन्नाची एक योजना उभी राहिली. शिकार आणि सापळे लावण्यावर ज्यांचं घर चालतं, त्यांना रानात घालवलेल्या दिवसांप्रमाणे पैसे मिळतात. त्यासाठी वर्षातले किमान १२० दिवस या कामात जायला हवेत. योजनेत पात्र धरलं जातं ते घर, एकटा शिकारी नाही. कुटुंबप्रमुखाचे दिवस मोजले जातात तसे जोडीदाराचेही. रानातल्या तंबूत चूल पेटवणारी, हंस सोलणारी, कातडी कमावणारी बाई इथे शिकाऱ्याची मदतनीस ठरत नाही. तिच्या नावाने दिवसाचे पैसे निघतात.

याच समाजात वसंतात शाळा आणि कार्यालयं साधारण दोन आठवडे बंद राहतात, कारण रानहंस दक्षिणेतून परतत असतात आणि घरंच्या घरं शिकारीच्या मुक्कामावर जातात. पेनसिल्वेनियाच्या सोमवारच्या सुट्टीत मुलगा बापाबरोबर जाऊ शकत असे. क्रींच्या सुट्टीत आजीही जाते. मूल चालू लागलं की त्याला पहिल्यांदा समारंभाने तंबूबाहेर नेतात. मुलाच्या हाती खेळण्यातली बंदूक किंवा धनुष्य, मुलीच्या हाती छोटी कुऱ्हाड देतात, आणि फेरी पूर्ण झाली की मूल जे घेऊन येतं ते वडीलधाऱ्यांच्या पुढे ठेवतं. मुलगा-मुलगी असा भेद त्यात आहेच. पण शिकार घरापासून लांबची, मोठ्यांची, पुरुषाची एकट्याची गोष्ट आहे असं त्या मुलाच्या मनात येण्याला जागा राहत नाही. क्री शिकाऱ्याची उमेद कशी टिकते असं विचारलं तर या सुट्टीकडे, या पगाराकडे आणि या समारंभाकडेच बोट दाखवावं लागतं.

स्वीडनमध्ये वाट वेगळी आहे. तिथे मूस या मोठ्या हरणाची शिकार गट करून होते. प्रत्येकाला बसायची जागा नेमून दिलेली असते, कुत्रे माग काढतात, मांस वाट्याने मिळतं. एखाद्याच्या घरी बाळ आलं आणि तो एक शनिवार आला नाही, तरी गट थांबत नाही. एकट्याने मचाणावर बसणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्याला ही सोय नाही. त्याने एक दिवस सोडला की तो गेलाच. त्यातून हंगामभर घाई आणि हुरहुर लागून राहते. मचाणावरून पडणं हे तिथल्या शिकारीतल्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आहे. सुरक्षापट्टा न बांधता एकटाच पहाटे चढणारा माणूस फक्त स्वतःचा जीव पणाला लावत नसतो, तर घराच्या पुढच्या कमाईलाही तो धोक्यात घालत असतो.

एकेका घराला सरकारी योजना किंवा गट मिळेलच असं नाही. तरी या उदाहरणांतून एक मांडणी हाती येते आणि ती तिशीतल्या कुठल्याही शिकाऱ्याला लागू पडते. हंगाम उघडायच्या आधी जोडीदाराबरोबर कॅलेंडर समोर घेऊन दिवस ठरवायचे. थोडे, पण पक्के. फ्रीझरला किती मांस लागतं ते आधी ठरवायचं आणि तेवढं मिळालं की थांबायचं. तान्हं मूल असलेल्या वर्षी लांबच्या मोहिमा बाजूला ठेवून घराजवळच्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या करायच्या. आणि जितके दिवस आपण रानात, तितकेच दिवस दुसऱ्याला स्वतःच्या कामासाठी किंवा हौसेसाठी मोकळे ठेवायचे. यावर आक्षेप असा येतो की एवढं मोजूनमापून केलं तर शिकारीतला उत्स्फूर्तपणा, रानात हरवून जाणं, तेच मरतं. आक्षेपात तथ्य आहे. शिकारीचा बराचसा आनंद वेळेचं भान सुटण्यातच आहे. पण ते भान एकाचं सुटतं तेव्हा घरात दुसऱ्याला दुप्पट भान ठेवावं लागतं. हे रोज घडू लागलं की शिकारीलाच गोडी राहत नाही, कारण परतताना घरच्या दाराशी काय ऐकावं लागेल याचा विचार रानातच सुरू होतो.

महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांची शिकार याच अर्थाने घराची होती. पालासकट कुटुंब फिरायचं, तितर-लावे आणि हरणं फाशात धरली जायची, गायपारधी बैलाच्या आडून सावजाजवळ पोचायचे. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अशा कुटुंबांवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून नाही. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता. चित्ता देशातून संपल्याचं १९५२ मध्येच जाहीर झालं होतं आणि १९७२ च्या गणनेत वाघ जेमतेम १,८०० च्या आसपास भरले होते. पण त्या कायद्याने ज्या घरांचं काम बंद झालं, त्या घरांशी कोणताही करार झाला नाही. चारच वर्षांनी क्वेबेकमध्ये शिकारी घरांचे रानातले दिवस पगारात मोजायला सुरुवात झाली. तिथे शिकार चालू राहू शकत होती, इथे ती थांबवणं भाग होतं. तरी माग काढण्याचं, पाखरांचे आवाज ओळखण्याचं ज्ञान दोन्हीकडे घराघरातच राहत होतं.

आता मध्य प्रदेशात पन्ना व्याघ्र प्रकल्पालगत पारधी तरुण पर्यटकांना पायवाटांवर नेऊन माग वाचून दाखवतात. असे उपक्रम मोलाचे आहेत. पण मानधन मिळतं ते वाट दाखवणाऱ्याला, आणि पालावरची जुनी शिकार एकट्याची कधीच नव्हती. हे काम विदर्भ-मराठवाड्यातल्या माळरानांवर वाढवायचं तर एका तरुणाला वाटाड्या म्हणून नेमून भागणार नाही. गवताळ रानांची देखरेख, पाखरांच्या घरट्यांच्या नोंदी, मुलांना मोठ्यांबरोबर शिकायला मिळेल असे दिवस, हे सगळं घर धरून आखावं लागेल आणि त्यात बाईच्या दिवसांचाही वेगळा मोबदला ठेवावा लागेल. वनखात्याच्या सध्याच्या रोजंदारीच्या पद्धतीत तो कसा बसवायचा, यावर आधी पारधी कुटुंबांशीच बोलावं लागेल. नमुना हवा असेल तर जेम्स उपसागराच्या काठची योजना जवळपास ५० वर्षं चालू आहे.